प्रिंटमध्ये शेवटची ओळ गायब

मंडळी, विंडोजचे जुने प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरचे बग मी हौसेनं दुरुस्त करते. 'प्रिंटमध्ये शेवटची ओळ गायब' ही तक्रार एकाच माणसाची होती, म्हणून 'किरकोळ'मध्ये टाकली. आधी गेमचा बग घेतला. त्यासाठी लोक भांडत होते.

आज आमच्या पुंडलिकनगरात पाण्याचा टँकर आमच्या गल्लीत थांबेना. आम्ही बायका हंडे घेऊन त्याला आडव्या गेलो. ड्रायव्हरनं यादी दाखवली. "ताई, तुमची गल्ली यात नायच."

टँकरच्या ऑफिसात फोन लावला. क्लार्क म्हणाला, "स्क्रीनवर हाय की, शेवटी. प्रिंटात येत नाय. पेनानं लिहायचं कधीमधी राहतं. नेटवर कवाच कळवलंय, कुणी बघंनाच."

माझ्या 'किरकोळ'मधला तो एकटा तक्रारदार हाच.

बग आता सगळ्यात वर घेतलाय. पण आमच्याआधी कुणाकुणाची गल्ली अशी राहिली, हे त्याला विचारायची हिंमत होत नाहीये. तुम्ही विचारलं असतं?