डोंगरावरचं दाताचं काम

माझ्या थोरल्या साडूंइतकं वाईट खोटं बोलणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत नसेल, आणि त्याच साडूंनी चौदा वर्षं एक गोष्ट साऱ्या जगापासून लपवून ठेवली, या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

मलकपेठेत तीन पिढ्या काढलेलं त्यांचं घराणं. स्वतः जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे मोजण्याची खोड हाडात. आमच्या कुकटपल्लीच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी हॉल पावलांनी मोजला आणि "बिल्डरनं दीड फूट खाल्लं रे तुझं" असं जाहीर करून माझी झोप उडवली. रिक्षावाल्याला पत्ता सांगतात तो खांब, वळणं आणि गटाराच्या झाकणांसकट. असा हा माणूस दर पावसाळ्यात दोन दिवस गायब व्हायचा. कुठं होतात म्हणून विचारलं की उत्तर एकच: "दाताचं काम." पँटला गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टात कुसळं, आणि म्हणे दात. त्यांच्या तोंडात बत्तिसाच्या जागी साठेक दात असावेत, असा आमचा अंदाज. शेवटी त्यांच्या पत्नीनं, माझ्या बायकोच्या ताईंनी, मला बोलावून घेतलं. "तुम्ही जा त्यांच्या मागं," ताई शांतपणे म्हणाल्या. "दात कुणाचा आहे, ते मला कळू द्या."

मी बसस्टँडवरच पकडला गेलो. साडूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझाबी दात दुखायलाय का?"

"हौ, दादा."

"चल मग. मोबाइल बंद कर."

कुठला डोंगर ते सांगणार नाही, शपथ घातली आहे. चार तास बस, तीन तास चढण, आणि एका ओल्या कपारीत वीतभर रोप. त्यावर दोन फुलं. रानातलं ऑर्किड. पूर्वी सगळी कपार भरलेली असायची; कुणीतरी फोटो टाकला, लोक आले, गोण्या भरून घेऊन गेले. उरलं ते हे एक. साडू गुडघ्यांवर बसले, काडीनं एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावले, आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही फुलांच्या पाकळ्या खुडून टाकल्या. मी दरीत जायचाच बाकी होतो.

"दादा, हे काय केलंत?"

"फूल दिसलं की रोप जातं," ते म्हणाले. "आता गवतात गवत. बी धरंल गुपचूप."

"पण ही जागा कुठं लिहून तरी ठेवलीत?"

"नक्को. लिहिलेलं कुणीबी वाचतं."

आयुष्यभर दगडन्‌दगड कागदावर आणणारा माणूस हे बोलत होता.

ताईंना मी एवढंच सांगितलं, की दात त्यांचाच आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. यंदा साडूंच्या गुडघ्यांनी संप केला आणि मी एकटाच गेलो. कपारीपाशी फोन लागतो, हा आणखी एक धक्का.

"आलंय का?"

"तीन फुलं, दादा."

आकडा त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

"पराग लावलास?"

"लावले."

"मग खुड." आणि लगेच, "थांब, थांब जरा. कुणी बघंल म्हणून मी दर वर्षी घाईनं खुडलं. धड पाहिलंच नाही कधी. तू बस. बघ, आणि मला सांग."

मी बसलो. तासन्‌तास बोलून लोकांना जेरीला आणणारा माणूस मी. पण "पांढरं आहे, दादा," एवढंच तोंडातून निघालं.

"हौ," ते म्हणाले. "पांढरंच असतं."

मग त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मी एकेक पाकळी खुडत राहिलो.