थांब म्हणायचा हक्क

नेरिडा हॅबगुडला वर्षवाले डोळ्यांसमोर नको असत. बारावी झाली, विद्यापीठातली जागा पक्की झाली, आता मधलं एक वर्ष काय करायचं म्हणून नौदलात खलाशी व्हायला आलेली ही पोरं. पगार घ्यायचा, चार बंदरं बघायची, गणवेशातले फोटो आजीला पाठवायचे आणि डिसेंबर आला की टाटा करून निघून जायचं. सरकारची योजनाच तशी होती, त्यात पोरांचा काही गुन्हा नव्हता. पण समुद्र म्हणजे काही मामाचं गाव नाही, असं नेरिडाचं मत होतं, आणि आपलं मत पोटात ठेवायची तिला सवय नव्हती.

ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटनची. बापाची शेवंडी पकडायची होडी होती आणि दहाव्या वर्षापासून नेरिडा शेवंडीचे पिंजरे ओढत होती. हाताला घट्टे पडले, होडी मात्र भावाच्या नावावर झाली. त्या रागात ती अठराव्या वर्षी नौदलात आली ती सोळा वर्षं तिथेच राहिली. डेकवरचे दोर, नांगर, छोट्या बोटी हे तिचं राज्य. हुद्दा लीडिंग सीमन. हाताखालची पोरं ‘लीडर’ म्हणायची. त्याच्या वरची पायरी पेटी ऑफिसरची. ती परीक्षा ती केव्हाच पास झाली होती, पण दोनदा बढतीच्या यादीत नाव येता येता राहिलं. कारण दोन्ही वेळा एकच लिहिलेलं होतं: काम चोख, जीभ तिखट. तिसरी आणि बहुधा शेवटची संधी यंदाची होती.

नेमका त्याच वर्षी मे महिन्यात ‘नॅरोजिन’ या तिच्या फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर, ईवन लिडिकोट दाखल झाला. ॲडलेडच्या बड्या शाळेतला, पुढे वकिली शिकणार होता. पहिल्याच दिवशी त्याने तिला विचारलं, “लीडर, या गाठीचं नाव काय?”

“तुला कशाला हवं? डिसेंबरात परीक्षा आहे का हिची?”

“शिकायचं होतं.”

“पाहुण्याने बसावं, खावं, घर छान आहे म्हणावं. गाठी घरचे लोक मारतात.”

तेव्हापासून त्याचं नाव ‘पाहुणा’ पडलं. दुसरा एखादा रडला असता किंवा फटकळपणे उत्तर देऊन मोकळा झाला असता. लिडिकोट दोन्ही करायचा नाही. तो नीट ऐकायचा, मान हलवायचा आणि सांगितलेलं काम करायचा. नेरिडा त्याला पाण्यात पाहायची आणि त्याच्या या शहाणपणामुळे तिचा राग आणखीच चढायचा.

भर समुद्रात तेल घ्यायचं काम या जहाजांवर सगळ्यात धोक्याचं. तेलाचं जहाज आणि फ्रिगेट अंगाला अंग लावल्यासारखी बाजूबाजूने धावतात. मधे चाळीस मीटर खवळलेलं पाणी. त्यावरून आधी दोर जातो, मग दोराच्या आधाराने तेलाची नळी येते, आणि वीस माणसं डेकवर उभी राहून हा दोर ओढतात, सैल सोडतात. या कामाला एक नियम आहे आणि तो सगळ्या हुद्द्यांच्या वरचा आहे. ज्याला धोका दिसेल त्याने ‘थांब’ म्हणून ओरडायचं. तो कॅप्टन असो की काल आलेलं पोर, आवाज आला की सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचं. ओरडणारा चुकला तरी त्याला बोल लावायचा नाही. उलट आभार मानायचे, कारण एकदा बोल लावला की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. हा नियम नेरिडाने सोळा वर्षांत किमान दोनशे पोरांना घोकवला असेल.

जुलैमध्ये तपासणी करणारे अधिकारी जहाजावर आले होते आणि तेल घेताना डेक नेरिडाच्या हाती दिलं होतं. तिच्या बढतीचा शेरा त्या दिवशीच्या कामावर लिहिला जाणार होता. सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात लिडिकोट ओरडला, “थांब!”

वीस माणसं थिजली, समोरचं जहाजही खोळंबलं. चीफ ओरम, म्हणजे डेकवरचा सगळ्यात जुना माणूस आणि नेरिडाचा वरिष्ठ, धावत आला.

“काय दिसलं?”

“दोराचा पदर सुटलाय, चीफ. तिथे, कप्पीपाशी.”

ओरमने पाहिलं. खुणेसाठी गुंडाळलेल्या फडक्याचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. दोर धडधाकट होता. ओरम म्हणाला, “बरं केलंस ओरडलास. चला, काम सुरू.” चार मिनिटं गेली. तपासणीवाल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते नेरिडाला दिसलं नाही, आणि जे दिसत नाही ते माणूस नेहमी वाईटच वाचतं.

नियमाप्रमाणे तिला त्याला रागवता येत नव्हतं. म्हणून तिने रागवलंच नाही. दुसऱ्या दिवशी जेवणघरात लिडिकोटने सॉसेजचा तुकडा काट्याला लावून तोंडाजवळ नेला, तशी ती टेबलाच्या टोकावरून गंभीर आवाजात म्हणाली, “थांब.” सगळं टेबल थिजलं. कोणाचा चमचा हवेत, कोणाचा पेला ओठाशी. मग डूली नावाच्या खलाशाने वाकून त्याच्या काट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “सॉसेजचा पदर सुटलाय, चीफ.” हसून हसून माणसं टेबलावर पडली.

हे तीन आठवडे चाललं. तो बूट घालायला वाकला की थांब, दात घासायला लागला की थांब. एका सकाळी पावाला व्हेजिमाइट लावताना चौघांनी एकदम त्याला थिजवलं. तो पाव तसाच ठेवून उठून गेला आणि नेरिडाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये दोर रचताना तो एकटा सापडला तेव्हा तिने उरलंसुरलंही सांगून टाकलं.

“एक गोष्ट लक्षात ठेव, पाहुण्या. हक्क आहे म्हणून तोंड उघडायचं नसतं. तुझी ती चार मिनिटं मला केवढ्याला पडतील ते तुला कळायचं नाही. तू जाशील कॉलेजात. मी इथेच राहणार आहे.”

“पण लीडर, नियम तर तुम्हीच...”

“नियम मी शिकवला ना? मग त्याचा अर्थही मीच सांगते. पुढच्या वेळी रक्त दिसलं तर ओरड. त्याच्या आधी नाही.”

त्याने मान हलवली. नेहमीसारखीच हलवली, म्हणून तिने पुन्हा पाहिलं नाही.

सप्टेंबरात ब्रूम बंदराच्या उत्तरेला पुन्हा तेल घेतलं. काम संपत आलं होतं, नळी परत गेली होती, आता फक्त दोर सोडून द्यायचा होता. डेकवर दोराची वेटोळी पडली होती आणि त्यातल्या एकाला पीळ बसला होता. नेरिडा पुढे झाली आणि बुटाच्या टोकाने पीळ सोडवायला लागली. पीळ सुटला. पाय मात्र वेटोळ्याच्या आत राहिला. वेढ्यात पाय नको, हे वाक्य तिने दिवसातून दहादा म्हटलेलं, आणि घाईत तिचाच पाय तिथे गेला.

तिने मान वर केली तेव्हा चार पावलांवर लिडिकोट दोराचं शेपूट धरून उभा होता. तो तिच्या पायाकडे बघत होता. मग त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. अजून दोन-तीन सेकंद वेळ होता. सगळे थिजले असते तर पाय निघाला असता. त्याने तोंड मिटलं. आणि ती त्याच्याच तोंडाकडे बघत राहिली होती, पाय काढायचा सोडून. समोरच्या जहाजाने दोर ओढला.

ओरडला डूली, आणि तेव्हा रक्त दिसत होतं. घोटा दोन ठिकाणी मोडला आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली.

इस्पितळात डॉक्टरने सांगितलं, चालाल, पण जहाजावर परत नाही. नेरिडाने भिंतीकडे तोंड केलं. भेटायला आलेल्या बहिणीला तिने चहा गार आहे म्हणून फैलावर घेतलं, नर्सला उशी जाड आहे म्हणून. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत. पण रोज डोळे मिटले की तिला ते उघडून मिटलेलं तोंड दिसायचं, आणि त्या पोराला हाताने बुकलून काढावंसं वाटायचं.

नोव्हेंबरात चीफ ओरम रॉकिंगहॅमला तिच्या घरी आला. खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

“यादी लागलीय. तुझं नाव आहे.”

तिने पाय उचलून समोरच्या स्टुलावर ठेवला.

“जुलैचा शेरा उत्तम होता. त्या चार मिनिटांचं त्यांनी कौतुक केलंय, डेक शिस्तीत थांबलं म्हणून. आता ऐक. पेटी ऑफिसर झालीस की किनाऱ्यावर शिकवायची जागा मिळेल, पाय असा असला तरी. नाही झालीस तर या पायावर तुला ठेवणार नाहीत, घरी पाठवतील. मधे फक्त अपघाताची चौकशी आहे. लाट आली, दोर उसळला, कोणी पाहिलं नाही. एवढंच बोल आणि सही कर.”

“कोणी पाहिलं नाही असं कोण म्हणतं?”

“सगळेच. पाहुणासुद्धा.” ओरमने तिच्याकडे नीट पाहिलं. “नेरिडा, एकदा तरी गप्प बस. तुझ्या भल्यासाठी सांगतोय.”

चौकशी नौदलाच्या तळावरच्या एका छोट्या खोलीत होती. लेफ्टनंट कमांडर प्रायर नावाची शांत, चष्मेवाली बाई टेबलामागे बसली होती. बाहेर व्हरांड्यात बाकावर लिडिकोट होता. सही करायला त्याला बोलावलं होतं. कुबड्यांचा आवाज ऐकून तो उठून उभा राहिला. नेरिडा त्याच्याकडे न बघता आत गेली.

प्रायरबाईंनी जबान्या वाचून दाखवल्या. डूलीची, मग लिडिकोटची: माझं लक्ष दोराच्या शेपटाकडे होतं, लीडरच्या पायाकडे नव्हतं, त्यामुळे मला धोका दिसला नाही.

“तुमचं म्हणणं याच्याशी जुळतं ना?” बाईंनी विचारलं. “जुळत असेल तर इथे सही करा, मग झालं.”

पेन समोर होतं. सोळा वर्षं, दोनदा हुकलेली यादी, तिसऱ्यांदा लागलेलं नाव, सगळं त्या एका सहीवर आलं होतं. नेरिडाने पेन उचललंसुद्धा. आणि मग तिच्या मनात आलं की आता जन्मभर हातावरचा पेटी ऑफिसरचा बिल्ला बघताना आठवणार, हा त्या पाहुण्याने दिला. त्याने पाय घेतला आणि बदल्यात बढती दिली, वर उपकारही केले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“नाही जुळत,” ती म्हणाली. “पोरगं खोटं बोलतंय. त्याने पाहिलं. माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.”

“मग तो ओरडला का नाही?”

इथपर्यंत ती रागाच्या भरात आली होती. पुढचं वाक्य रागाने येईना. ते तिचं तिलाच ओढून काढावं लागलं.

“कारण मी त्याला तसं शिकवलं होतं. जुलैत तो ओरडला, त्यावर मी सगळ्या जहाजाकडून त्याची टर उडवली. आणि नंतर सांगितलं, रक्त दिसल्याशिवाय ओरडायचं नाही. याच शब्दांत.”

प्रायरबाईंनी चष्मा काढला. “हे लिहिलं तर तुमच्या बढतीचं काय होईल, ठाऊक आहे ना? हवं तर बाहेर दहा मिनिटं बसा. विचार करा.”

“लिहा,” नेरिडा म्हणाली. “मी बाहेर गेले तर विचार बदलेन.”

सही करून ती व्हरांड्यात आली. लिडिकोट तिथेच उभा होता. सहा महिन्यांत त्याचे खांदे रुंद झाले होते, हाताला घट्टे पडले होते. कोणी नव्याने पाहिलं असतं तर त्याला खलाशी म्हटलं असतं.

“झालं, लीडर?”

“झालं. तू पाहिलंस असं मी सांगितलंय.”

त्याचा चेहरा पांढरा पडला. “का? मी तुमच्यासाठी खोटं बोललो होतो. चीफ म्हणाले तुमचं नाव यादीत...”

“माझ्यासाठी?” ती बाकावर टेकली. “फेब्रुवारीत तुझं कॉलेज सुरू होतंय. कागदावर डाग नको होता तुला. मला कशाला मधे घेतोस?”

आत प्रायरबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“एक सांग,” ती म्हणाली. “खरं सांग, नाहीतर तोंड उघडू नकोस. त्या वेळी घाबरलास, की मजा बघत होतास?”

तो पहिल्यांदाच मान न हलवता बोलला.

“आधी घाबरलो. ओरडलो आणि पुन्हा काही नसलं तर, असं वाटलं. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आता मी ओरडावं म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होतात. मग मला वाटलं, यांना बघू दे.”

नेरिडाला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण त्याला कुबडीने मारू. तिचा हात कुबडीवर होताही. पण ते ‘बघू दे’ तिला परकं वाटलं नाही. रागाच्या भरात तिनेही आयुष्यभर माणसं अशीच तोडली होती, बघू दे म्हणत.

दार उघडलं. प्रायरबाईंनी त्याचं नाव पुकारलं.

“काय सांगू?” त्याने हळूच विचारलं.

“आत्ता मला सांगितलंस ते.”

“सगळं?”

“सगळं. आणि शिकवलं कोणी असं विचारलं की माझं पूर्ण नाव सांग. अडखळू नकोस.”

तो आत गेला. नेरिडा कुबड्या काखेत घेऊन बसून राहिली. बहीण गाडी घेऊन यायला अजून अर्धा तास होता, आणि यानंतर तिला कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं.