दुधनीच्या घेवड्याचा वेल

माझ्या आईची एक आवडती गोष्ट होती. घरी कोणी पाहुणा आला, चहा झाला आणि त्याची नजर गच्चीच्या कठड्यावर चढलेल्या घेवड्याच्या वेलाकडे गेली, की ती सुरू व्हायची.

"ह्यो सोलापुरात नोकरीला लागला तवा मी यस्टीनं डबा धाडायची. पन ह्यानं एक दिस डबा रिकामा माघारी धाडला न्हाय. कदी गूळ, कदी फुटानं. एकदा हे बी धाडलं. त्याचाच ह्यो वेल."

पाहुणा माझ्याकडे कौतुकाने बघायचा. मी रिकामे कप उचलून आत जायचो.

ही गोष्ट खोटी होती. आई खोटं बोलत नव्हती. खोटं माझं होतं, आणि वीसेक वर्षं मी ते तिला खरं म्हणून सांगू दिलं.

आमचं गाव मंगळवेढ्याजवळ आहे. कॉलेज संपल्यावर मला चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसमध्ये काम मिळालं. सोलापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मी एक खोली घेतली. खोलीत आधीपासून एक जण राहत होता. तो दुधनीचा, माझ्याच वयाचा. स्टँडसमोरच्या एका दुकानात पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करायचा. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्ही एकाच वाक्यात चालायचं. त्याची आई तो शाळेत असताना गेली होती. दुधनीला वडील आणि भाऊ होते, चूल वडीलच बघायचे.

त्या काळी आमच्याकडच्या बऱ्याच पोरांचे डबे एसटीने यायचे. सकाळच्या पहिल्या गाडीला आया डबा आणून द्यायच्या, तो ड्रायव्हरच्या मागच्या जागेत रचला जायचा आणि सोलापूरच्या स्टँडवर ज्याचा त्याने उतरवून घ्यायचा. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत. माझ्या आईचा डबा तीन पुडाचा होता. खालच्या पुडात आमटी किंवा भाजी, मधल्यात शेंगांची चटणी आणि कांदा, वरच्यात फडक्यात गुंडाळलेल्या शाळूच्या भाकरी. दोन मऊ, दोन कडक. कडक रात्रीसाठी.

पहिले पंधरा दिवस मी तो कंपनीत नेला. कँटीनमध्ये फडकं सोडलं की चटणीचा वास सगळ्या टेबलावर पसरायचा. एक दिवस अकाउंट्समधला एक जण म्हणाला, "काय पाव्हणं, आज कुठल्या गावचा माल उतरवला?" सगळे हसले, मीही हसलो. त्यात वाईट काही नव्हतं. तो स्वतःही खेड्यातलाच होता, हे मला पुढे कळलं. पण दुसऱ्या दिवसापासून मी डबा नेणं बंद केलं आणि कँटीनची पोळी खाऊ लागलो. पोळी रबरासारखी असायची. तरी ती खाताना मला आपण कुठेतरी पोचलो असं वाटायचं.

आईला डबा बंद कर म्हणायचा धीर झाला नाही. मी खोलीतल्या मित्राला म्हणालो, "तुझं दुकान स्टँडसमोरच आहे. डबा उतरवून घे आणि तूच खा."

"आणि तू?"

"मला कंपनीत मिळतं."

"तुझ्या आईला माहिताय?"

"तिला कशाला सांगायचं?"

त्याने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला.

असं जवळजवळ वर्षभर चाललं. आई पहाटे उठून भाकरी थापायची आणि त्या एक परका माणूस खायचा. हे मी आज लिहितो तेव्हा लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

उलट मला त्याचा राग यायचा. संध्याकाळी खोलीत आलो की तो डब्याचा अहवाल द्यायचा. "आज वांग्यात कारळं होतं. लई भारी." "आज एक भाकरी जरा करपलीय. कडेला चांगली लागली." रोज एकच गोष्ट, पण रोज नवी. पाणी चार दिवसांनी यायचं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी हा माणूस दोन बादल्या अंगावर ओतून अशा चेहऱ्याने बाहेर यायचा की जणू घरात लग्न आहे. एवढ्यातेवढ्यात खूश होणारी माणसं पुढे जात नाहीत, असं माझं मत होतं. मी तेव्हा पुण्याला अर्ज करत होतो आणि कशातच खूश नव्हतो.

डबा परत पाठवताना तो धुवायचा, पुसायचा आणि वरच्या पुडात काहीतरी टाकायचा. रिकामा डबा माघारी द्यायचा नाही, ही रीत त्याच्याकडेही होती आणि माझ्याकडेही. मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता. गुळाचा खडा, मूठभर फुटाणे, कधी दुधनीहून आणलेली तूरडाळ. काहीच नसलं तर चिमूटभर साखर कागदाच्या पुडीत. एकदा गावाहून येताना त्याने घेवड्याचं बी आणलं. अवरे म्हणायचा तो त्याला. तेही डब्यातून गेलं.

हे सगळं आईला माझ्याकडून जातंय असं वाटणार, हे मला कळत होतं. सुट्टीला गावी गेलो तेव्हा कुंपणावर वेल चढला होता आणि शेजारच्या काकूंना आई सांगत होती, "माझ्या लेकानं धाडलंय." काकू म्हणाल्या, "आमच्या मेल्याला डबा धुवायचं बी सुचत न्हाय." आई हसली. तिला तसं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मी गप्प राहिलो. पहिल्यांदा गप्प राहिलो तो हा दिवस.

मग तो चुलत बहिणीच्या लग्नाला तीन दिवस दुधनीला गेला. डबा माझ्यावर आला. पहिल्या दिवशी मी स्टँडवर जाऊन तो घेतला. कंपनीची गाडी चुकणार होती. स्टँडच्या फाटकाबाहेर एक गाय उभी असायची, तिच्यापुढे भाकरी टाकल्या आणि आमटी गटारात ओतली. गायीला घातल्या म्हणजे वाया गेल्या नाहीत, अशी समजूत काढली. संध्याकाळी डबा विसळून गाडीत ठेवला. रिकामा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

चौथ्या दिवशी आमची साप्ताहिक सुट्टी होती. मी अंथरुणातच होतो. दार वाजलं. दारात आई, मांडीवर धरून आणल्यासारखा डबा अजूनही दोन्ही हातांत, आणि तिच्या मागे तो. त्याच सकाळी परतला होता. कंडक्टरने आईला त्याचं दुकान दाखवलं होतं, कारण डबा रोज तिथेच जायचा.

आईने आधी माझ्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला.

"ताप न्हाय की," ती म्हणाली.

"मला काय झालंय?"

"तीन दिस डबा रिकामा आला. मला वाटलं तू पडून हायस, आन् दुसरंच कुनी धुऊन धाडतंय. रातभर डोळा न्हाय लागला."

गावात फोन होता, दुकानात. पण तिला फोनवर माझा आवाज नको होता. तिला कपाळ हवं होतं.

तो दारातच उभा होता. त्याला सगळं एका क्षणात कळलं असणार. डब्यातल्या वस्तू कोणाच्या नावावर जमा होत होत्या तेही कळलं, आणि तीन दिवस डब्याचं काय झालं तेही. मी खाली बघितलं. त्याने एक वाक्य बोललं असतं तर माझी सगळी अब्रू गेली असती.

"मावशी, ह्याला कंपनीत लई काम होतं बघा," तो म्हणाला. "आणि मी बी नव्हतो. डबा मीच आणतो की रोज. आमी दोघं मिळून खातो."

"दोघं?" आई माझ्याकडे वळली. "मग सांगायचं न्हाय व्हय रं? चार भाकरीत दोन गडी कसं भागवता?"

तिने तिथेच बसून डबा सोडला. आमच्याकडे ताटं दोनच होती. तिने आम्हा दोघांना वाढलं आणि समोर बसली. त्याने कडक भाकरी मुठीत दाबून चुरली, आमटी घातली, वर तेल मागितलं. नेमकं माझे वडील करायचे तसं. आई बघत राहिली. मग तिने माझ्या ताटाकडे बघितलं. वर्षभरानंतर मी तिच्या डब्यातली भाकरी खात होतो. दुसऱ्या घासाला चटणीतला लसूण लागला आणि मला साधी, लाज वाटावी इतकी साधी भूक लागली. पाच भाकरी झाल्या आमच्या दोघांत. तिने एक जास्त आणली होती, आजारी माणसाला मऊ म्हणून.

ती गेल्यावर मी त्याला विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"तुझी आई तुझ्यावर खूश होती. मी कशाला मधे येऊ?" तो ताटं घासत होता. मग मान वर न करता म्हणाला, "गायीला घातलास का?"

"हो."

"आमटी?"

मी अंथरूण गुंडाळायला लागलो. तो दोन दिवस माझ्याशी फारसं बोलला नाही. तेवढाच त्याचा राग.

त्यानंतर डब्यात सहा भाकरी येऊ लागल्या. मी कँटीन सोडलं. सकाळी गाडी आली की दुकानाच्या मागे तांब्याच्या तारांच्या रिळांमध्ये बसून आम्ही अर्धा डबा संपवायचो, मग मी धावत कंपनीच्या गाडीला. उरलेला संध्याकाळी. डब्याबद्दल रोज एक गोष्ट सांगायची त्याची सवय मलाही लागली. आधी चेष्टेने, नंतर खरंच. चटणी आज जाडसर आहे. कांदा नवा आलाय. पाणी आलं त्या दिवशी मीही दोन बादल्या ओतून घेतल्या. असं साताठ महिने चाललं, मग त्याने दुधनीला स्वतःचं दुकान टाकलं. माझ्या तरुणपणातले सुखाचे दिवस कोणते असं विचारलं तर मी हेच सांगेन. पुण्याचं पत्र त्याच काळात आलं होतं. मी गेलो नाही.

त्या महिन्यांतही डब्यात काहीतरी टाकायचा तोच. मी शेजारी बसून बघायचो. माझं नाव तसंच चालू राहिलं.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे सोलापूरला राहायला आली. येताना बोचक्यात बी घेऊन आली. गच्चीवर ड्रममध्ये लावलं. दर वर्षी थोडं राखते, पुन्हा लावते. आणि दर पाहुण्याला गोष्ट सांगत राहिली.

या हिवाळ्यात शेंगा खूप लागल्या. एका दुपारी मी तोडत होतो, ती खुर्चीत बसून निवडत होती. तिला आता कमी दिसतं, शेंग चाचपून बघते. का कोण जाणे, मी बोलून गेलो.

"आई, हे बी मी धाडलं नव्हतं."

"मग कुनी?"

"दुधनीचा तो. खोलीतला."

"आन् गूळ?"

"त्यानंच."

"फुटानं?"

"ते बी."

तिने दोन शेंगा निवडल्या. "आन् भाकरी कोन खात हुतं?"

"पयलं वरीसभर तोच. तू आलीस तवापासनं मी."

ती शेंगा चाचपत राहिली. मी तोडत राहिलो, कारण थांबून उभं राहणं जमलं नसतं.

"त्याला ह्या शेंगा कदी दिल्यास का?"

"न्हाय."

"इतक्या वरसांत?"

"न्हाय."

"मग मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली आणि शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर तिने ती गोष्ट सांगणं सोडलं. बायकोचे मामा आले, त्यांनी वेलाकडे बघितलं. आई म्हणाली, "घेवडा हाय," आणि गप्प बसली. मला वाटलं होतं खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तिच्याकडून मी एक गोष्ट काढून घेतली होती, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

पुढच्या रविवारी तिने माळ्यावरून जुना डबा काढायला लावला. भाकरी तिने स्वतः थापल्या. हात कापतात, कडा वेड्यावाकड्या झाल्या. खालच्या पुडात घेवड्याची भाजी. मी म्हटलं, अक्कलकोटवरून दुधनीला जाणाऱ्या गाडीत कोणाच्या हाती देतो.

"कुनाच्या हाती नगं. तूच जा."

दुधनीपर्यंत डबा मांडीवर धरून बसलो. त्याचं दुकान बाजारातच आहे. तो जाड झालाय, चष्मा लागलाय. वर्षातून दोनदा फोनवर बोलणारे आम्ही, त्याने माझ्याआधी डबा ओळखला. तिथेच गल्ल्यामागे बसून भाकरी चुरली.

"मीठ जरा जास्त पडलंय," तो म्हणाला. "भाजी बेस्ट. ही अवरे आमचीच की."

मी त्याला सगळं सांगितलं, आईला काय सांगितलं ते. त्याने मान हलवली आणि डबा धुवायला मागे गेला. बराच वेळ आत खुडबुड चालली होती. परत आला तेव्हा डब्यावर फडकं गच्च बांधलेलं होतं. वाटेत मी ते सोडलं नाही.

घरी आलो तेव्हा आई जागेवर बसून होती. मी डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो हलवून वजन बघितलं.

"त्यानं भरलाय व्हय?"

"व्हय."

"तू काय न्हाय घातलंस?"

"न्हाय."

"बरं," ती म्हणाली, आणि गाठ सोडायला लागली.