बाबांच्या गोळ्या आणि आईचं मशीन

चहा आधी संपवा. कारण हा किस्सा ऐकल्यावर माझ्या हातचं काही तोंडात घालायची तुमची इच्छा राहणार नाही. चुका सगळ्यांच्याच हातून होतात हो. कोणी आमटीत दोनदा मीठ घालतं, कोणी भलत्याच लग्नात जेवून अहेर देऊन येतं. मी माझ्या वारलेल्या वडिलांचं भूत केलं. तेही एम.एस्सी. केमिस्ट्री होऊन.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

मी मीरा रोडला शांती नगरात राहतो आणि तिथेच एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो. घरात आता मी आणि आई. बाबा बँकेत कॅशियर होते. मूळचे रत्नागिरीचे, त्यामुळे त्यांच्या सुखाची कल्पना अगदी साधी होती. तव्यावर तळलेला बांगडा, शेजारी गरम भात, आणि जेवताना कोणी बोलायचं नाही.

मग त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड्स भलतेच वाढलेले. डॉक्टर म्हणाले, तळलेलं जरा कमी करा आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या सुरू करा. लक्षात घ्या, डॉक्टर ‘कमी’ म्हणाले होते. बंद मी केलं. घरात केमिस्ट्रीवाला मी, म्हणजे अधिकार माझा. दुसऱ्या दिवसापासून बांगडा बंद, सुरमई बंद, आणि जेवणानंतर बाबांच्या तळहातावर त्या पिवळ्या पारदर्शक गोळ्या.

बाबांनी एक गोळी दिव्यासमोर धरून पाहिली. “मला एक सांग नंदू. रक्तात तेल वाढलंय म्हणतोस, आणि वरून तेलच पाजतोस?”

असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी खुर्ची ओढून बसलोच. म्हटलं, “बाबा, ट्रायग्लिसराइड म्हणजे काय, तर ग्लिसरॉलची एक छोटीशी खुंटी. तिला स्निग्धाम्लांच्या तीन लांब साखळ्या टांगलेल्या. तुमच्या रक्तात वाढलंय तेही हेच आणि माशाच्या तेलातही बहुतेक हेच. फरक साखळ्यांचा. माशाच्या साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात. अशा साखळ्या पोटात गेल्या की लिव्हर नवीन चरबी बनवायचं कमी करतं.”

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे बांगड्यातलं सगळं ठेवलंस, फक्त बांगडा तेवढा काढून घेतलास.” आणि गोळी गिळली.

असं वर्षभर चाललं. मग त्यांना न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. तिथे पुन्हा रक्त तपासलं तेव्हा ट्रायग्लिसराइड्स एकदम नॉर्मल. मी आनंदाने तो कागद त्यांच्या नाकासमोर धरला. ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून ते म्हणाले, “मग आता एक बांगडा?”

मी म्हटलं, “घरी गेल्यावर.”

ते घरी आले नाहीत. त्यांचा तो नॉर्मल रिपोर्ट अजून माझ्या कपाटात आहे.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे होते, भरपूर होते, पण एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. इच्छा कोणती ते मला पक्कं माहीत होतं. पण सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतले लोक, सगळे हात जोडून उभे, त्यांच्यासमोर ‘बांगडा’ कसं म्हणायचं? मी म्हटलं, “बाबा, आईला सांभाळीन.” कावळ्यांनी माना वळवल्या. शेवटी उन्हं चढली तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, “शिवला का रे?”

मी ‘हो’ म्हटलं. माझ्या मागून आत शिरलेल्या आत्याने ‘न्हाय’ म्हटलं. दोघांनीही एकदमच.

ही आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन भाईंदरला खारी गावात गेली त्याला आता जन्म लोटला, बोलणंही तिथलंच झालंय. मनात काही ठेवायची तिला सवय नाही.

त्यानंतर आई गप्पच झाली. रडली नाही, बोलली नाही. नुसती खिडकीपाशी बसायची. तिचं पायमशीनही तिथेच, चादर घालून झाकलेलं. त्या मशीनवर तिने अर्ध्या बिल्डिंगचे ब्लाउज शिवलेत, पण आता ती त्याला हातही लावत नव्हती.

ती पुन्हा मशीनवर बसली ती मंजूबेनमुळे. मंजूबेन आमच्या समोरच्या, जैन, अतिशय प्रेमळ. एक दिवस गुलाबी रेशमी कापड घेऊन आल्या आणि आईच्या मांडीवर ठेवलं. “भाभी, ऐसे बैठे रहोगे तो कैसे चलेगा? मेरी पिंकी की सगाई है. ब्लाउज आपको ही सीना है, मैं दूसरे किसी को नहीं देने वाली.”

आईने कापड उलगडलं. बोटांनी पोत बघितला. आणि त्या दिवसांतलं पहिलं पूर्ण वाक्य बोलली. “नंदू, मशीन कोरडं झालंय, तेल घाल रे जरा.”

आता हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल! आई बोलली, आई काम मागतेय. मी धावतच तेलाची कुपी काढली तर ती ठणठणीत रिकामी. दुकान गेटबाहेर. मे महिन्यातली दुपार, चौथा मजला, लिफ्ट बंद. आणि समोर बाबांच्या फोटोशेजारी ती गोळ्यांची बाटली, अर्धी भरलेली. ती टाकवत नव्हती आणि बघवतही नव्हती.

मी म्हटलं, तेल ते तेल.

टाचणी घेतली. एकेका गोळीला भोक पाडलं आणि मशीनच्या प्रत्येक छिद्रात थेंब थेंब सोडला. चाकाला, सुईच्या दांड्याला, खाली पायडलच्या सांध्यांना. मशीन असं गुळगुळीत पळायला लागलं की विचारू नका. आईने विचारलं, कुठलं तेल? मी म्हटलं, होतं घरात. बाबांच्या गोळ्या सत्कारणी लागल्या म्हणून माझे डोळेही भरून आले होते.

चार-पाच दिवस छान गेले. मग एका सकाळी आईचे पाय पायडलवर थांबले.

“नंदू, वास येतोय?”

“कसला?”

“बांगड्याचा.”

मी नाक वर केलं. येत होता. आमच्या घरात बाबांचा तो पहिला रिपोर्ट आल्यापासून मासळी शिजली नव्हती. आमच्या मजल्यावर तर कांदाही जपून चिरतात. मी म्हटलं, खाडीचा असेल. मग म्हटलं, गटाराचा असेल. फ्रिज रिकामा करून पुसला. पण आईच्या लक्षात आलं होतं की ती मशीनवर बसली की वास वाढतो आणि उठली की कमी होतो.

आत्या आली, मशीनपाशी उभी राहिली, एक मोठा श्वास घेतला आणि खुर्चीत बसली. “दादा हाय गं वैनी. हितंच हाय.”

“आत्या, असं काही नसतं,” मी म्हटलं.

“मग वास कसला हाय, तू सांग. शिकलेला हायस ना?”

शिकलेल्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो कपाळाला आठ्या घालतो, तेवढं मी केलं.

पुढच्या दोन-तीन दिवसांत मशीनचं चाक जड व्हायला लागलं. आई दोन्ही पायांनी जोर लावायची, तेव्हा जेमतेम अर्धा फेरा. आणि एका सकाळी ते हललंच नाही. सुई पिंकीच्या गुलाबी बाहीत रुतलेली, चाक घट्ट. मी जोर लावला, हाताला वळ उठले, पण नाही.

आई हळूच म्हणाली, “सोड. त्यांनी धरलंय.”

आता खरं सांगू का? मला भीती वाटायला हवी होती, पण मी आईकडे बघत राहिलो. कारण तिच्या चेहऱ्यात जीव आला होता. त्या दिवसापासून ती मशीनशी बोलायला लागली. “अहो, पोरीची सगाई आहे, सोडा बघू.” सकाळी चहाचा कप मशीनच्या फळीवर ठेवायची. स्वतः मात्र चहा सोडला, जेवणही दोन घासांवर आलं. त्यांचा बांगडा राहिला, मग मी कशी जेवू, म्हणायची. ती वाळत चालली होती आणि त्याच वेळी तिला बरंही वाटत होतं. यातलं काय थांबवायचं ते मला कळेना.

मंजूबेन ब्लाउज कुठवर आला ते बघायला आल्या. दारातच पदर नाकाशी गेला. “भाभी, कुछ... नहीं, कुछ नहीं,” म्हणाल्या आणि बसल्याही नाहीत.

शेवटी आत्याने निकाल दिला. रविवारी बांगडा तळायचा आणि मशीनपुढे पान मांडायचं. मजला सगळा शाकाहारी, म्हणून खिडक्या बंद, दाराखाली ओला टॉवेल, वर धूप. मला ते बघवेना. मी जादा लेक्चर आहे सांगून क्लासला निघून गेलो.

लेक्चर खरंच घेतलं. विषय निघाला तेलांचा. मी फळ्यावर खुंटी काढली, तीन साखळ्या काढल्या, दुहेरी बंध काढले. म्हटलं, “हे दुहेरी बंध म्हणजे साखळीतल्या कच्च्या जागा. तेल पातळ पसरून हवेत राहिलं की ऑक्सिजन इथे शिरतो. साखळ्या तुटतात, त्यांच्या तुकड्यांना घाण वास येतो. आणि उरलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून जाळं होतं. तेलाचा डिंक होतो. लोखंड लागलं तर आणखी लवकर. म्हणून दाराला जवसाचं तेल लावलं की त्याचा पापुद्रा धरतो. मशीनच्या तेलात हे बंध नसतात, म्हणून ते वाळत नाही. आणि सगळ्यात जास्त दुहेरी बंध कशात असतात, तर माशाच्या...”

माझा खडू फळ्यावर तसाच राहिला.

मुलांना वाटलं, सरांना वडील आठवले. पहिल्या बाकावरच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. आठवले होतेच. मी डस्टर हातात घेऊनच घराकडे पळत सुटलो.

दार उघडलं तर आत धूप आणि बांगडा यांचा असा काही धूर की आई आणि आत्या नुसत्या बाह्यरेषा दिसत होत्या. मशीनपुढे पाट, पाटावर ताट. आत्या हात जोडून म्हणत होती, “दादा, सोड रं चाक. खा आन् जा सुखानं.”

“बाबांनी नाही धरलंय,” मी धापा टाकत म्हटलं. “मी धरलंय. मीच.”

आणि सगळं सांगितलं. कुपी, गोळ्या, टाचणी, दुहेरी बंध, सगळं.

आत्याने जोडलेले हात सोडले. “माशाचं तेल? मशीनला?”

“हो.”

“आन् तू पोरांना शिकवतोस काय?”

“केमिस्ट्री.”

आत्याने माझ्या हातातल्या डस्टरकडे पाहिलं. आईने चाकावर हात ठेवला, बोटाला लागलेला पिवळा चिकटा अंगठ्यावर घासून पाहिला. मला वाटलं, आता हसेल, नाहीतर एक ठेवून देईल. दोन्ही चाललं असतं.

ती म्हणाली, “म्हणजे ते इथे नाहीत.”

आई तिथेच पाटाशेजारी बसली आणि रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आत्याने तिला जवळ घेतलं, आणि मी डस्टर हातात धरून उभा.

बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली, “बांगडा गार होतोय.” मग तेच बांगडे आम्ही तिघांनी खाल्ले. आईने पूर्ण एक बांगडा संपवला. जेवताना कोणी बोललं नाही.

त्यानंतर मी मशीन पूर्ण खोललं आणि थिनरने एकेक सांधा घासला. मंजूबेनना सगळं खरं सांगितलं आणि बाहीसाठी नवं कापड आणलं. मंजूबेननी ते कापड आधी नाकाला लावून पाहिलं. मग म्हणाल्या, “बेटा, हम लोग नहीं खाते, वो ठीक है. लेकिन मशीन को कायको खिलाया?”

मग मशीनचं खरंखुरं तेल आणलं, दुकानातून, चार मजले उतरून आणि चढून. आई बसली. चाक गरगर फिरलं. बाहीची शिवण सरळ पुढे गेली आणि मला वाटलं, चला, एकदाचा सुटलो.

तेवढ्यात तिचे पाय थांबले. तिने श्वास घेतला. पुन्हा घेतला.

“आता काहीच वास येत नाही रे,” ती म्हणाली.

“नाहीच येणार. सगळं साफ केलंय.”

ती जरा वेळ बाबांच्या फोटोकडे बघत बसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “त्यातली एखादी गोळी शिल्लक आहे का रे?”

आता तुम्हीच बघा. ऑक्सिजन कुठे शिरतो, साखळ्या कशा चिकटतात, चाक पुन्हा कधी धरेल, या घरात हे सगळं माझ्याइतकं पाठ कोणाला आहे? एम.एस्सी. कोण झालंय?

मी उठलो आणि टाचणी शोधायला लागलो.