जाहिरात देणारी बारा हॉस्पिटलं

वर्तमानपत्राच्या कचेरीत छापलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त साठतं. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. ऑफिसातले किस्से मात्र दर चहाबरोबर पुन्हा गरम होतात. आमच्या नगरच्या दैनिकात आरोग्यविम्याचे तर इतके झाले, की दोन जुने सहकारी भेटले की तिसरं वाक्य तेच!

*

नव्वदचं दशक. मालकांनी आम्हा सगळ्यांचा विमा काढला, पेढे वाटले. विमा एजंट म्हणाला, "जिल्ह्यातल्या बारा हॉस्पिटलांची नावं द्या. तिथं उपचार घेतले तरच बिल मंजूर."

यादीचं काम गेलं जाहिरात व्यवस्थापक चौरेंकडे. त्यांनी जाहिरातींचं रजिस्टर उघडलं आणि दिवाळी अंकाला जाहिरात देणारी बारा हॉस्पिटलं उतरवून काढली! पाच प्रसूतिगृहं, चार दातांचे दवाखाने आणि ऑपरेशन करणारी जेमतेम तीन.

मी भडकलो. "चौरे, डॉक्टर कसा आहे हे तरी बघितलंत का?"

"बघितलं ना! सगळे वेळेवर पैसे देतात."

*

काष्टीच्या वार्ताहराची बायको गरोदर राहिली, तेव्हा ऑफिसात आनंदीआनंद. पाच प्रसूतिगृहांपैकी एक तरी कामाला येणार! वार्ताहर ऐटीत एजंटाला भेटला.

एजंटानं यादी पाहिली. "हॉस्पिटल यादीत आहे."

मग पॉलिसी पाहिली. "बाळंतपण पॉलिसीत नाही."

*

अकोले तालुक्याचे आमचे वार्ताहर भांगरे भरल्या जीपच्या मागून पडले. पाय मोडला. पडले कुठं, तर हाडाच्या डॉक्टरच्या दारात! तिथूनच त्यांनी ऑफिसला फोन लावला.

"सायेब, डाक्टर समोर हुबा हाय. पर यादीत न्हाई. नगरला येऊ का, यष्टीनं?"

"मोडक्या पायानं? वेड लागलंय का, भांगरे!"

तेवढ्यात पलीकडे डॉक्टरांनीच फोन घेतला. फार शांत माणूस.

"पाय तर मी बसवतोच. फक्त एवढं सांगा, विम्यातनं बसवायला किती सेंटिमीटरची जाहिरात लागते?"

मी फोन चौरेंच्या हातात दिला. चौरेंनी खरोखरच दर सांगितला!

*

आता साळवे. आमचे प्रूफरीडर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, लाल पेन्सिलीचे हुकूमशहा. त्या उन्हाळ्यात त्यांना हर्निया झाला. डॉक्टर म्हणाले, "आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, ऑपरेशन करून घ्या." स्वतःच्या खर्चानं परवडणारं नव्हतं. आणि विमा कंपनीचा नियम असा, की पहिल्या वर्षी हर्नियाचं बिल मिळत नाही. म्हणजे आतड्यानंही नियम वाचूनच अडकायचं!

साळवेंनी यादीतल्या त्या तीन हॉस्पिटलांवर खुणा केल्या, पोटाला पट्टा आवळला आणि वर्ष संपायची वाट बघत बसले.

त्याच वर्षी माझ्या हाताला नेमक्या हॉस्पिटलांच्याच बातम्या लागल्या. एकात मुदत संपलेलं सलाइन सापडलं. मी फोटोसकट छापलं. हॉस्पिटलनं जाहिरात बंद केली, चौरेंनी नाव खोडलं. दुसऱ्यानं आगाऊ रकमेसाठी पेशंट दारात अडवला. तेही छापलं, तेही नाव गेलं. दोन्ही बातम्यांचं प्रूफ साळवेंनीच तपासलं.

"राव, तुम्ही त्यांची लफडी बाहेर काढताय, की माझी खाट?"

"साळवे, बातमी ती बातमी!"

"मान्य. पण 'निष्काळजीपणा' तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलाय तुम्ही."

*

वर्ष संपलं. उरलेल्या एकमेव हॉस्पिटलात साळवेंना सोमवारची तारीख मिळाली. आणि शनिवारी मी त्याच हॉस्पिटलची बातमी टेबलावर टाकली! वापरलेल्या सुया आणि रक्ताळलेली बँडेजं मागच्या ओढ्यात, रोज दोन पाट्या.

ऑफिसात दोन तट पडले. चौरे पहिल्यांदाच माझ्या पाया पडायला निघाले. मी हट्टाला पेटलो. "त्या ओढ्यात पोरं खेळतात! बातमी थांबणार नाही!"

साळवेंनी पट्टा सावरत चष्मा पुसला. "थांबवा कोण म्हणतंय? मी आत जाऊन बाहेर येईपर्यंत तरी दम धरा. आता छापलीत तर मला टेबलावरून उतरवतील, राव."

मी पहिल्यांदाच एक बातमी आठवडाभर खिशात ठेवली. पोरांना मात्र त्याच संध्याकाळी ओढ्यावरून हाकललं.

सोमवारी ऑपरेशन पार पडलं. मंगळवारी मी बघायला गेलो. साळवे फिकट, पण मजेत. नर्सची पाठ वळताच त्यांनी हात पुढे केला. "आणलंय?"

मी प्रूफ उशीखाली सरकवलं.

बुधवारी त्यांच्या मिसेस ऑफिसात आल्या आणि रिकाम्या डब्यातून प्रूफ काढून माझ्यापुढे ठेवलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका दुरुस्त केलेल्या होत्या. समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं :

"'दोन पाट्या' चूक. चार. माझी खाट खिडकीशी आहे, दोन्ही वेळा मोजल्या. टाके सोमवारी निघतील. मंगळवारी छापा."