गाळलेल्या चार ओळी

मी एकदा भर चर्चमध्ये खोटी साक्ष दिली. आता पन्नाशी उलटून गेली, तरी उपासनेत कुणी साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं काय केलं ते सांगायला, उठलं की माझी मान आपोआप खाली जाते.

तेव्हा मी खडकीला कारखान्यात कारकून होतो. आमच्या तरुण संघानं ठरवलं होतं, की रविवारी उपासना झाली की डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं आणि पट्टी बांधलेल्या रुग्णांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. जमलं तर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलही. माझ्या वाट्याला खिडकीजवळची खाट आली. तिथे नारायण पेठेतले एक निवृत्त गृहस्थ होते. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासून डोळे गेले, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर मात्र काचबिंदू म्हणत. मी अग्रलेख वाचून संपवल्यावर ते म्हणाले, "स्वल्पविरामाला थांबता. हल्ली कोणी थांबत नाही. घरी येत जा."

मी जाऊ लागलो. दर रविवारी दुपारी सायकलवरून. त्यांच्या दोन खोल्या होत्या, पत्नी वारलेली, मुलगी कोथरूडहून डबा पाठवायची. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला शेवटपर्यंत 'अहो' म्हणाले. आधी बातम्या, मग अग्रलेख आणि शेवटी वाचकांची पत्रं. त्या पत्रांवर त्यांचे शेरे ऐकायला मी आठवडाभर वाट बघायचो. मध्येच डोळ्यांत घालायच्या औषधाची वेळ व्हायची. बाटली मी हातात द्यायचो, थेंब ते स्वतः घालायचे, आणि मग बराच वेळ त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत राहायचं.

शास्त्र माझ्या पिशवीतच असायचं. ते बाहेर काढायचं धैर्य मला तीन-चार महिने झालं नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमची पिशवी ठेवताना दर वेळी धप्प आवाज होतो. वीट आणता की काय?"

मी सांगितलं.

"मग काढा की. आणायचं, न वाचता परत न्यायचं, सायकलला उगीच ओझं. मी तुमच्या चर्चमध्ये येणार नाही, हे आधीच सांगतो. मराठी कशी आहे ते बघू."

मत्तयाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली. पहिल्याच पानावर वंशावळ आली. ही नावं सोडून पुढे जाऊ का, असं मी विचारलं, तर म्हणाले, छापलंय ना, मग वाचायचं. दर रविवारी अर्धा अध्याय व्हायचा. कधी ते एखाद्या वाक्याला "बरं आहे" म्हणायचे, कधी "हे पटत नाही" म्हणून चहा मागवायचे, म्हणजे मलाच करायला सांगायचे. एवढंच. माझ्यापुरतं ते खूप होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

वर्षाच्या शेवटच्या उपासनेत साक्षी सुरू झाल्या. कुणाची दारू सुटली होती, कुणी शेजाऱ्याला प्रभूकडे आणलं होतं. वर्षभर हे वाचन करूनही माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी उठलो आणि बोलून गेलो, की एक वृद्ध काका वचन ऐकताना रडतात आणि मला प्रार्थना करायला शिकवा म्हणतात. पहिलं वाक्य अर्धं तरी खरं आहे, असं मी स्वतःला पटवू शकत होतो. दुसरं पूर्ण खोटं होतं. लोकांनी 'आमेन' म्हटलं. पाळकसाहेबांनी नारायण पेठेतल्या आमच्या वृद्ध बंधूसाठी प्रार्थना केली. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "ते खरंच रडले का हो?" मी म्हणालो, जवळजवळ.

पुढच्या रविवारी मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी काकांसाठी नाताळच्या करंज्या दिल्या. घरच्या आहेत असं सांगून मी त्या काकांना दिल्या. म्हणजे आणखी एक खोटं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत आम्ही पाचव्या अध्यायात पोचलो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, अशा अर्थाच्या त्या ओळी. मी स्वतःची समजूत घालत आलो होतो, की काकांच्या मनात माझ्याविरुद्ध काही नाही, त्यांना काही ठाऊकच नाही. तरी त्या चार ओळी माझ्या तोंडून निघेनात. त्या सोडून मी पुढचं वाचू लागलो.

"थांबा," काका म्हणाले. "काहीतरी गाळलंत."

मी नाही म्हणालो.

"छापखान्यात एक जण मोठ्यानं वाचायचा आणि मी तपासायचो. ओळ उडाली की जिन्याची पायरी चुकावी तसं मला कळतं. वाचा."

मी वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि सगळं सांगितलं, करंज्यांसकट.

 त्यांनी विचारलं, किती लोक होते. दीडदोनशे, मी सांगितलं.

"आणि मी रडलो."

"हो."

"ते औषध आहे, हे तुम्हाला माहीत होतं. बाटली तुम्हीच देता." त्यांनी हातरुमालानं गाल पुसले. "मी आयुष्यात दोनदा रडलोय. त्यातलं एकही तुमच्या उपयोगाचं नाही."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही. आवाजही चढवला नाही. "चूक ज्या पानावर छापली, दुरुस्ती त्याच पानावर छापायची असते. माझ्या कानात सांगून काय उपयोग? तिथे जाऊन सांगा. तोवर येऊ नका."

दोन रविवार मी बाकावरून उठलो नाही, आणि दोन्ही दुपारी घरी नुसता बसून राहिलो. त्यांना वर्तमानपत्र कोण वाचून दाखवत असेल, हा एकच विचार. दुसऱ्या रविवारी बायको म्हणाली, "उठून सांगून टाका. मी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसते, माझ्याकडे बघून बोला." तिसऱ्या रविवारी तिच्याकडे बघून मी बोललो. ते रडत नाहीत, त्यांनी प्रार्थना शिकवा म्हटलेलं नाही, मला सांगायला काही नव्हतं म्हणून मी रचलं. 'आमेन' कुणी म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं.

दारात त्या म्हाताऱ्या बाईंनी मला गाठलं. "म्हणजे ते रडत नाहीत?"

"नाही बाई. डोळ्यांत औषध घालतात."

"बरं झालं हो. मला आपला घोर लागला होता, एवढं कसलं दुःख असेल म्हणून. रोज प्रार्थना करते मी त्यांच्यासाठी."

त्या दुपारी सायकल लावून मी जिना चढलो. दार उघडंच होतं. टेबलावर तीन रविवारची वर्तमानपत्रं घडी न मोडता ठेवलेली होती. काकांनी विचारलं, सांगितलं का? सांगितलं, मी म्हणालो. लोक काय म्हणाले, हेही त्यांनी खोदून विचारलं. बाईंचं बोलणं ऐकून त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"मग आता माझ्यासाठी प्रार्थना बंद झाली असेल."

मी म्हणालो, बाई करतातच, रोज.

"करू देत. डोळ्यांसाठी करा म्हणावं, बाकीचं माझं मी बघतो." त्यांनी चाचपत सगळ्यात खालचं वर्तमानपत्र ओढून माझ्याकडे सरकवलं. "जुन्यापासून घ्या. आणि तुमचं ते पुस्तकही बाहेर काढून ठेवा, नंतर विसराल."