पाठमोरी उभी राहिलेली बाई

मुलगा आम्हाला स्टुटगार्टहून जंगलात तंबूत राहायला घेऊन गेला. जागा फुकट होती, पण तिथे नळ नाही, संडास नाही. "आई, काही लागलं तर सांगा हं," सून म्हणाली. मी मान हलवली. पण असलं सांगायचं कसं? सकाळपासून मी पोट आवळून बसले होते.

शेजारच्या तंबूत एक जर्मन बाई एकटीच होती, माझ्याच वयाची. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, छोटं फावडं घेतलं, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि "कॉम, कॉम" म्हणत झाडीत नेलं. खड्डा खणून ती दहा पावलं लांब गेली, माझ्याकडे पाठ करून मोठ्याने गाऊ लागली.

गावी आम्ही बायका अशाच जोडीने जायचो. एकीने राखण करायची.

मी खड्डा बुजवून आले, तर तिने बाटली मागितली. "येत्स्ट दू," म्हणाली आणि स्वतःच झाडाआड गेली. नातीबरोबर सापशिडी खेळून तेवढं मला कळत होतं. आता तू. म्हणजे राखणीची पाळी माझी.

मी तिच्याकडे पाठ केली. या देशात आल्यापासून माझा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता. मी जात्यावरची ओवी म्हटली, चांगली मोठ्याने.